दोन्ही बरोबर कसे?

दिवाळीत मुरबाडला मामाकडे गेलो होतो. आधी शहापूरला मावशीकडे फराळ, मग तिथून किन्हवली, सरळगाव करत मुरबाड. या रस्त्यावर मी दरवेळी कुठेतरी चुकतो. या वेळी मात्र फोनमधल्या बाईंनी न चुकता आणून सोडलं. रात्री लाइट गेली (जातेच), सगळे अंगणात येऊन बसले, आणि मामेभावाने प्रश्न टाकला. तो यंदा बारावी सायन्सला आहे.

"दादा, क्वांटम आणि रिलेटिव्हिटी एकमेकांच्या विरुद्ध आहेत ना? व्हिडिओत सांगतात तसं."

"हो, म्हणतात खरं."

"मग दोन्ही बरोबर कसे?"

मी इंजिनियर माणूस, उत्तर तयारच होतं. म्हटलं, एक लहान गोष्टींना लागू, दुसरं मोठ्या गोष्टींना. तो म्हणाला, "आणि मधे हद्द कुठे? टोलनाका आहे का तिथे?" सगळे हसले. मग मी सगळे देतात तेच ठेवणीतलं उत्तर दिलं, "ते वरच्या लेव्हलचं आहे रे, पुढे कळेल."

परतीच्या प्रवासात ते उत्तर डोक्यात टोचत राहिलं. कारण मंडळी, प्रश्न साधा नाहीये. तर्कशास्त्राचा एक जुना नियम आहे: एकाच व्यवस्थेत एक विधान आणि त्याच्या बरोब्बर उलट विधान, दोन्ही खरी मानली, की तिच्यातून काहीही सिद्ध करता येतं. एक बरोबर दोन, हेसुद्धा. म्हणजे हे दोन सिद्धांत तर्काच्या पातळीवर खरंच विरुद्ध असतील, तर दोघांना एकत्र वापरून केलेला कुठलाच हिशोब विश्वासाचा नाही. आणि भाऊ पुढे जे म्हणाला होता ते जास्त गंभीर होतं. "मग सायन्समधे पण अंदाजपंचेच आहे म्हणायचं." अठराव्या वर्षी एकदा हे डोक्यात बसलं की निघत नाही. मी त्याला टोलवून मोकळा झालो होतो. म्हणून नंतरचे तीन-चार वीकेंड वाचण्यात घालवले. हे जे लिहितोय ते खरं म्हणजे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

सुरुवात फोनमधल्या बाईंपासूनच करू. जीपीएसच्या उपग्रहात अणुघड्याळं असतात. सिझियमच्या किंवा रुबिडियमच्या अणूतला इलेक्ट्रॉन एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाताना ठरावीक वारंवारता लागते, आणि त्या ठोक्यावर घड्याळ चालतं. अशा सुट्या पातळ्या असणं ही शुद्ध क्वांटमची गोष्ट. आता सापेक्षता म्हणते, वेगात असलेलं घड्याळ मागे पडतं, आणि उंचावर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून घड्याळ पुढे धावतं. जीपीएसच्या उपग्रहात वेगामुळे रोज सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे आणि उंचीमुळे सुमारे ४५ पुढे, म्हणजे एकूण ३८ मायक्रोसेकंद पुढे. प्रकाश तेवढ्यात ११ किलोमीटरच्या वर जातो. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात अंतराचा हिशोब पुढच्या गावाला जाईल.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट १९७७ मधली आहे. जीपीएसच्या तयारीसाठी सिझियम घड्याळ घेऊन एनटीएस-२ नावाचा उपग्रह अमेरिकेने सोडला, तेव्हा ही दुरुस्ती खरंच लागेल का याबद्दल प्रकल्पातल्या काही लोकांना शंका होती. मग इंजिनियर जे करतात तेच त्यांनी केलं. दुरुस्ती करणारं सर्किट बसवलं, पण बंद ठेवलं. गरज पडली तर जमिनीवरून चालू करायचं. (आजच्या भाषेत फीचर फ्लॅग!) सुमारे वीस दिवस घड्याळ तसंच चालू दिलं. ते दर एक लाख कोटी ठोक्यांमागे ४४२.५ ठोके पुढे गेलं. सापेक्षतेने सांगितलं होतं ४४६.५. फ्लॅग चालू केला.

म्हणजे क्वांटमचं घड्याळ आणि सापेक्षतेचा हिशोब, एकाच डब्यात, गेली पन्नास वर्षं. हद्द नाही, टोलनाका नाही. तर मग भांडण आहे कुठे?

उंचीप्रमाणे घड्याळाचा वेग बदलतो हीच गोष्ट १९३० मधे एका भांडणात निर्णायक ठरली होती. आणि गंमत म्हणजे ती सापेक्षतेच्या जनकाच्याच विरोधात वापरली गेली. ब्रुसेल्सला सॉल्व्हे परिषद भरली होती. आइन्स्टाइनला क्वांटमचं अनिश्चिततेचं तत्त्व पटत नव्हतं. त्याने एक काल्पनिक पेटी मांडली. पेटीत प्रकाश कोंडलेला आहे आणि एक घड्याळ आहे. घड्याळ ठरलेल्या क्षणी झडप उघडतं, एक फोटॉन बाहेर पडतो, झडप बंद. म्हणजे वेळ नेमकी कळली. आता पेटीचं आधीचं आणि नंतरचं वजन करा. वजनातल्या फरकावरून, म्हणजे आइन्स्टाइनच्याच वस्तुमान आणि ऊर्जेच्या समीकरणावरून, फोटॉनची ऊर्जा नेमकी कळली. वेळ आणि ऊर्जा दोन्ही एकदम नेमके कळू शकत नाहीत असं क्वांटम म्हणतं. मग क्वांटम खोटं.

नील्स बोर त्या संध्याकाळी पार हादरलेला होता असं त्या परिषदेला हजर असलेल्यांनी लिहून ठेवलंय. पण सकाळी तो उत्तर घेऊन आला. वजन करायचं म्हणजे पेटी काट्याला टांगायची. काटा वाचायचा म्हणजे पेटी किती खालीवर आहे ते मोजायचं, आणि त्या जागेत थोडी अनिश्चितता राहणारच. पण पेटी गुरुत्वाकर्षणात खालीवर झाली की आतलं घड्याळ कमीजास्त वेगाने चालतं, हे तर आइन्स्टाइननेच १९१५ च्या व्यापक सापेक्षतेत सांगितलेलं! म्हणजे वेळेतही अनिश्चितता आली, आणि हिशोब केला तर अनिश्चिततेच्या तत्त्वाला हवी तेवढीच. बोरचं हे उत्तर काटेकोर आहे का, आणि आइन्स्टाइनला नेमकं तेच म्हणायचं होतं का, यावर आजही अभ्यासक वाद घालतात. पण चित्र बघा. क्वांटम अडचणीत आहे, आणि तिला सोडवायला धावून आली आहे सापेक्षता. शत्रू असं करत नाहीत.

ही पेटी काल्पनिक होती. पण २०२२ मधे अमेरिकेतल्या कोलोराडोच्या प्रयोगशाळेत अणूंच्या एका ढगाचा एक मिलीमीटर वरचा भाग आणि खालचा भाग यांच्या ठोक्यांतला फरक मोजून दाखवला गेला. एक मिलीमीटर. पोह्याच्या दाण्याची जाडी म्हणा.

आता मुंबईला येऊ. आपल्याकडे या दोन सिद्धांतांना कुणी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलंच नव्हतं. आइन्स्टाइन आणि मिंकोव्हस्की यांच्या सापेक्षतेवरच्या मूळ जर्मन लेखांचं इंग्रजी भाषांतर मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस या दोन तरुणांनी केलं आणि ते १९२० मधे कलकत्ता विद्यापीठाने छापलं. त्याच बोसने चार वर्षांनी प्रकाशकण मोजण्याची नवी रीत काढून क्वांटमच्या पायात दगड बसवला. आणि मग होमी भाभा. मुंबईत जन्मलेला, इंजिनियरिंगसाठी केंब्रिजला धाडलेला आणि तिथे फिजिक्सकडे वळलेला. (आपल्यातले किती जण उलट्या दिशेने गेले, तो वेगळा विषय. असो.) १९३६ मधे त्याने इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर काय होईल याचा हिशोब मांडला. आजही जगभरच्या कोलायडरमधे त्या प्रक्रियेला भाभाचंच नाव आहे. हा हिशोब क्वांटम आणि विशिष्ट सापेक्षता एकत्र घेतल्याशिवाय करताच येत नाही. मुळात पॉझिट्रॉन हा कणच या दोघांच्या लग्नातून जन्मला. डिरॅकने १९२८ मधे इलेक्ट्रॉनचं समीकरण सापेक्षतेत बसेल असं लिहिलं तर त्यातून उलट विद्युतभाराचा एक जुळा भाऊ निघाला, आणि १९३२ मधे तो खरोखर सापडला.

पण भाभाची मला भावलेली गोष्ट १९३८ ची आहे. विश्वकिरणांमधे एक जड कण असतो असं तेव्हा नुकतं दिसलं होतं. भाभाने 'नेचर'मधल्या एका छोट्या टिपणात लिहिलं की असा कण म्हणजे एक घड्याळच समजा. तो धावत असेल तर सापेक्षतेनुसार त्याचं घड्याळ आपल्याला मंद दिसेल, म्हणजे तो जास्त काळ जगेल. हे मोजलं तर आइन्स्टाइनची थेट परीक्षा होईल. हा कण नेमका कोणता याबद्दल तेव्हा सगळ्यांचाच घोटाळा होता, तो १९४७ मधे सुटला. आज आपण त्याला म्यूऑन म्हणतो. पण घड्याळाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर निघाला.

हे समजायला माहुलीचा किल्ला बरा. आसनगावला उतरून ट्रेक केलेल्यांना सुळके आठवतील. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे २८०० फूट, म्हणजे साडेआठशे मीटरच्या आसपास. म्यूऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. एवढ्यात प्रकाश ६६० मीटर जातो. म्हणजे साधा हिशोब धरला तर माहुलीच्या माथ्यावरून सुटलेला म्यूऑन पायथा गाठेपर्यंत सरासरी आयुष्य संपवून बसलेला असतो. पण म्यूऑन तयार होतात ते माहुलीवर नाही, सुमारे पंधरा किलोमीटर उंचीवर, विश्वकिरण हवेवर आदळून. तिथून खाली यायला पन्नास मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे बावीस-तेवीस आयुष्यं. या हिशोबाने हजार कोटी म्यूऑनांमागे जेमतेम एखादा जमिनीवर पोचावा.

प्रत्यक्षात मामाच्या अंगणात तळहात पसरून बसलात तर त्यातून सेकंदाला साधारण एक म्यूऑन जातो. पत्र्याखाली बसलात तरी जातो.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रिश आणि स्मिथ या दोघांनी हे मोजून दाखवलं. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर, सुमारे १९०० मीटर उंचीवर, त्यांच्या यंत्रात तासाला सरासरी ५६३ म्यूऑन सापडले. साध्या हिशोबाने समुद्रसपाटीला २७ यायला हवे होते. आले ४०८. (आपला माळशेज घाट उंचीला कमी पडेल, पण एखाद्या कॉलेजने करून बघायला हरकत नाही.)

आता या एका कणात दोन्ही सिद्धांत कसे बसलेत ते बघा. एखादा म्यूऑन नेमका कधी फुटेल हे कुणालाच सांगता येत नाही. फक्त शक्यता सांगता येते, ही क्वांटम. ती शक्यता आपल्या घड्याळाने किती पसरते, ही सापेक्षता. एकाचं उत्तर दुसऱ्यात भरल्याशिवाय ४०८ हा आकडा येत नाही. पुढे १९४० च्या दशकात तोमोनागा, श्विंगर, फाइनमन यांनी हेच प्रकाशाच्या बाबतीत पूर्ण केलं, आणि त्यातून इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचा जो आकडा निघतो तो प्रयोगाशी दहाहून जास्त अंकांपर्यंत जुळतो. दहा अंक! आमच्या ऑफिसात दोन टीमचे रिपोर्ट पहिल्या अंकाला जुळले तरी पेढे वाटतील.

"पण दादा, ते एंटॅंगलमेंटचं? इकडे मोजलं की तिकडे लगेच?" हे भाऊ विचारणारच. १९३५ मधे आइन्स्टाइननेच दोन सहकाऱ्यांबरोबर हा मुद्दा काढला. १९६४ मधे जॉन बेलने तो प्रयोगाला लावता येईल असा मांडला, आणि ते प्रयोग करणाऱ्या तिघांना २०२२ चं नोबेल मिळालं. दोन कणांची उत्तरं अशी जुळतात की आधीच ठरवून ठेवलेल्या चिठ्ठ्यांनी तसं जुळणं शक्य नाही, हे पक्कं झालंय. पण शहापूरला बसलेल्या माणसाला स्वतःचा कण बघून मुरबाडच्या माणसाने मोजमाप केलं की नाही हे कधीच कळत नाही. दोघांनी वह्या एकत्र आणून ताडल्या तरच जुळणी दिसते. निरोप जात नाही, त्यामुळे प्रकाशाच्या वेगाचा नियम मोडत नाही. कुणी आधी मोजलं हे मात्र बघणाऱ्याप्रमाणे बदलतं. म्हणून "याने मोजलं, त्यामुळे त्याचं झालं" अशी गोष्ट रचायला गेलं की अडखळायला होतं. मला स्वतःला ही जागा अजून नीट पचलेली नाही. पण अडखळते ती आपली गोष्ट. आकडे अडखळत नाहीत.

तर विशिष्ट सापेक्षतेशी भांडण नाही. उलट सुखाचा संसार आहे. खरं भांडण आहे ते व्यापक सापेक्षतेशी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाशी, आणि तेही घड्याळ कुणाचं यावरून.

क्वांटमच्या समीकरणात वेळ बाहेरून येते. भिंतीवर घड्याळ टांगलेलं आहे, खोलीत काहीही चालू असो, ते टिकटिकतंय. व्यापक सापेक्षतेत भिंतच नाही. वस्तुमान अवकाश आणि काळाला वाकवतं, घड्याळाचा वेग त्या वाकण्यावर ठरतो. तेव्हा वाकवणारी वस्तूच क्वांटम असेल, एका ठिकाणी नक्की नसेल, तर घड्याळ कोणत्या वेगाने चालणार?

हा प्रश्न नीट ओळखणाऱ्यांत सगळ्यात आधीचा माणूस लेनिनग्राडचा मात्वेई ब्रॉन्स्टाइन. १९३६ मधे, वयाच्या तिशीत, त्याने दाखवलं की विजेचं क्षेत्र मोजायची युक्ती गुरुत्वाकर्षणाला तशीच चालत नाही. जास्त नेमकं मोजायला जास्त घट्ट वस्तू लागते, आणि फार घट्ट केली की ती स्वतःच्या गुरुत्वाकर्षणात कोसळते. म्हणजे अवकाश आणि काळ या कल्पनाच कदाचित बदलाव्या लागतील. १९३८ च्या फेब्रुवारीत स्टालिनच्या राजवटीत त्याला गोळी घातली गेली. तिकडे भाभाचं टिपण छापून आलं त्याच सुमारास. पुढची वीस एक वर्षं या विषयाकडे फार थोड्यांनी बघितलं.

मग १९५७ मधे फाइनमनने एका परिषदेत विचारलं की एखादी वस्तू क्वांटम पद्धतीने दोन ठिकाणी असेल तर तिचं गुरुत्वाकर्षण कुठे असेल? आपल्या भाषेत सांगतो. एक गोटी निम्मी शक्यता शहापूरला मावशीकडे आणि निम्मी मुरबाडला मामाकडे, अशा अवस्थेत आहे. गुरुत्वाकर्षण क्वांटम नसेल, आपलं जुनं आइन्स्टाइनवालं असेल, तर सरळ मार्ग म्हणजे सरासरी काढणं. म्हणजे ओढ येणार मधोमध किन्हवलीकडच्या एखाद्या माळरानातून, जिथे गोटी कधीच नव्हती. १९८१ मधे पेज आणि गाइल्कर या दोघांनी याची एक सोपी आवृत्ती करून बघितली. किरणोत्सर्गाच्या क्वांटम नाणेफेकीने जड वस्तू इकडे ठेवायच्या की तिकडे ते ठरवलं, आणि ओढ मोजली. ओढ वस्तू जिथे होती तिथूनच आली. किन्हवली बाद. म्हणजे "मॅटर क्वांटम, गुरुत्वाकर्षण जुनंच, मधे सरासरी" ही जोडणी चालत नाही.

पण गुरुत्वाकर्षणालाही क्वांटमचे नियम लावायला गेलं तर? १९७४ मधे आणि पुढे १९८५ च्या सुमारास केलेल्या हिशोबांनी दाखवलं की नेहमीच्या पद्धतीने केलं तर अनंत आकडे निघतात, आणि ते दडपायला दरवेळी नवा स्थिरांक घालावा लागतो. व्हिडिओवाले इथे थांबतात आणि "विरोध सिद्ध!" म्हणून मोकळे होतात. पण हे तर्काचं भांडण नाही. १९९४ मधे जॉन डॉनहू यांनी दाखवलं की कमी ऊर्जेला हीच पद्धत सरळ चालते. न्यूटनच्या नियमाला क्वांटममुळे किती दुरुस्ती लागते तेसुद्धा काढता येतं. ती इतकी बारीक आहे की मोजायची सोय नाही, पण आकडा निघतो. हिशोब हातातून सुटतो तो फक्त टोकाला, एका सेंटिमीटरच्या पुढे शून्य, दशांशचिन्ह आणि मग बत्तीस शून्यं एवढ्या बारीक अंतराला, किंवा विश्वाच्या अगदी सुरुवातीला, किंवा कृष्णविवराच्या पोटात. प्रोग्रॅम चालतोय, फक्त एका कोपऱ्यातल्या इनपुटला ओव्हरफ्लो होतोय. ओव्हरफ्लो म्हणजे कोड स्वतःशी विसंगत आहे असं नाही.

त्या कोपऱ्यात शिरायचे प्रयत्न आपल्याकडेही झाले, आणि हे मला आधी माहीतच नव्हतं याची लाज वाटली. जयंत नारळीकर म्हटलं की आपल्याला विज्ञानकथा आणि फ्रेड हॉइल आठवतात. पण १९७० च्या दशकाच्या शेवटापासून ते कुलाब्याच्या टीआयएफआरमधे याच प्रश्नावर काम करत होते. पुढे त्यांचे विद्यार्थी थाणू पद्मनाभन सोबत आले. त्यांनी युक्ती अशी केली की अवकाशकाळाचा सगळा आकार क्वांटम करण्याच्या फंदात न पडता फक्त त्याचं लहानमोठं होणं, म्हणजे स्केल, तेवढंच क्वांटम करायचं. तेवढ्यानेही महास्फोटाच्या क्षणीची अनंत घनता टळू शकते असं दिसलं. १९८३ मधे त्यांचा मोठा आढावा लेख आला आणि १९८६ मधे दोघांचं पुस्तक. मग दोघंही पुण्याच्या आयुकात गेले. पद्मनाभन नंतर वेगळ्याच वाटेने निघाले. गुरुत्वाकर्षण हे मुळात तापमानासारखं असेल, खाली दुसरंच काही हलत असेल आणि वर आपल्याला ते गुरुत्वाकर्षण दिसत असेल, तर त्याला थेट क्वांटम नियम लावणं म्हणजे तापमानाचे अणू शोधण्यासारखं होईल, असा तो रोख. ते २०२१ मधे गेले, नारळीकर सर २०२५ च्या मे महिन्यात.

आणि दुसरा माणूस शिरपूरचा. शहापूर नव्हे, धुळे जिल्ह्यातलं शिरपूर. अभय अष्टेकर, जन्म १९४९. महाराष्ट्रातल्या गावागावांत वाढले, १९७४ ला शिकागोहून पीएचडी केली. १९८६ मधे त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांमधे लिहिली. आज त्या चलांना त्यांचंच नाव आहे. ढोबळ कल्पना अशी. आइन्स्टाइनच्या मांडणीत मूळ गोष्ट अंतर. अष्टेकरांनी मूळ गोष्ट धरली दिशा कशी वळते ती. समजा शहापूरला हातात एक बाण धरला आणि तो जराही न फिरवता किन्हवली, सरळगाव, मुरबाड, कल्याण, पडघा असा फेरा मारून परत शहापूरला आलात. जमीन सपाट असती तर बाण पहिल्या दिशेलाच असता. पृथ्वी गोल आहे, म्हणून तो किंचित वळलेला असेल. या फेऱ्याला अंशाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण वळलेला असेल. फेरा मारून किती वळण आलं यावरून वक्रता कळते, अंतर मोजायचं कामच नाही. आणि याचा फायदा काय, तर वीज आणि अणुगर्भातली बलं हीसुद्धा याच प्रकारच्या भाषेत लिहिलेली असतात, आणि त्यांचं क्वांटम कसं करायचं ते माहीत आहे. म्हणजे दोन टीम वेगवेगळ्या फॉरमॅटमधे डेटा देत होत्या, अष्टेकरांनी एकाचा फॉरमॅट बदलला. आणि भिंतीवरचं घड्याळ न टांगता.

त्यावर कार्लो रोव्हेली, ली स्मोलिन आणि इतरांनी इमारत उभी केली. तिचं नाव लूप क्वांटम ग्रॅव्हिटी, लूप म्हणजे हे फेरेच. त्यात क्षेत्रफळही अणूतल्या पातळ्यांसारखं सुट्या पायऱ्यांनी वाढतं. २००६ मधे अष्टेकर, पावलोव्हस्की आणि सिंग यांनी विश्वाच्या एका सोप्या मॉडेलवर ही रीत चालवली तर महास्फोटाच्या जागी अनंत आलाच नाही. मागे जात जात घनता एका मर्यादेला पोचली आणि विश्व उसळी मारून पलीकडे गेलं. हा शेवटचा शब्द नाही. लूपवाल्यांना रोजचं आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षण पूर्णपणे परत काढून दाखवता आलेलं नाही, स्ट्रिंगवाल्यांचा दुसरा आखाडा आहे, आणि प्रयोगाचा पुरावा दोघांकडेही नाही. अष्टेकर मराठी म्हणून मी त्यांच्या बाजूने टाळ्या वाजवणार नाही. (थोड्या वाजवल्या.) आणि २०२३ मधे लंडनच्या जोनाथन ओपनहाइम यांनी आणखी एक दार उघडलं. गुरुत्वाकर्षण जुनंच ठेवा, पण त्यात मुळातच थोडी यादृच्छिकता घाला, म्हणजे किन्हवलीचा घोळ टळतो.

म्हणून भावाच्या प्रश्नाला माझं उत्तर आता असं आहे. तर्काने विरुद्ध आहेत असं कुणीही सिद्ध केलेलं नाही. उलट जगाला लांबी-रुंदीच ठेवून उंची काढून टाकली, तर तिथे दोन्ही सिद्धांत काटेकोरपणे एकत्र बसतात हे एडवर्ड विटनने १९८८ मधेच दाखवलंय. म्हणजे एकत्र बसणं हे मुळातच अशक्य नाही. विरुद्ध आहेत त्या दोघांच्या नकळत धरलेल्या गोष्टी: एकाने धरलंय की घड्याळ बाहेर आहे, दुसऱ्याने धरलंय की वस्तू नेहमी एकाच ठिकाणी असते. यातलं काय सोडायचं हे ठरलेलं नाही, एवढंच.

परवा फोन करून हे सगळं त्याला सांगितलं. म्यूऑनवर खूश झाला. म्हणाला, रात्री अंगणात हात पसरून बसतो, मोजता येत नाहीत पण जातायत हे माहीत असलं की वेगळं वाटतं. मग लगेच, "आणि ती गोटी? खरंच कुणी ठेवणार आहे का दोन ठिकाणी?"

ठेवायची तयारी चालू आहे, मी सांगितलं. २०१७ मधे दोन गटांनी वेगवेगळं सुचवलं की दोन बारीक कण शेजारी शेजारी ठेवायचे, प्रत्येक एकदम दोन जागी, आणि फक्त एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणाने ते एंटॅंगल होतात का बघायचं. झाले तर गुरुत्वाकर्षण क्वांटमच आहे याचा तो फार मोठा पुरावा. त्यातल्या एका प्रस्तावामागचे मुख्य शास्त्रज्ञ सौगत बोस. कण एका ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाच्या दहापट, आणि जागांमधलं अंतर पाव मिलीमीटर. आजवर दोन जागी ठेवता आलेल्या सगळ्यात जड गोष्टीपेक्षा हे कोट्यवधी पटींनी जड आहे.

"म्हणजे माझं एमएससी होईपर्यंत होईल?"

"नाही वाटत."

"पीएचडी?"

मामी मागून ओरडत होती की आधी बारावी होऊ दे.